दुखण्याआधीची तपासणी

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून लॉटरी पद्धतीने त्यांचे चार गट पाडले गेले. तीन गटांतल्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी एकेकदा आणि वेगवेगळ्या पद्धतीने झाली. पहिल्या गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी पॅप चाचणी आणि तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवाच चालू राहिली. तपासणी करून घ्यायची असेल तर ती कुठल्या दवाखान्यात होते, एवढे त्या स्त्रियांना सांगितले होते.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात १२७ जणींना गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, चौथ्या गटात ११८ जणींना. आकडे जवळपास सारखेच. फरक होता तो आजार कुठल्या टप्प्यावर सापडला यात. पहिल्या टप्प्याच्या पुढे गेलेल्या स्त्रिया एचपीव्ही गटात ३९ होत्या, चौथ्या गटात ८२. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले.

या चौथ्या गटाबद्दल पुढे बरीच टीका झाली. हजारो स्त्रियांना तपासणीवाचून का ठेवले, हा प्रश्न रास्तच होता. पण त्या गटाचे आकडे आपल्याला एक कडू गोष्ट शिकवतात. तपासणी कुठे होते हे त्या स्त्रियांना सांगून झाले होते, आणि तेवढ्याने भागले नाही. ग्रामीण स्त्रियांमध्ये कर्करोगाची जागृती करायची म्हणून आपण पोस्टर लावतो, भाषणे करतो, फेऱ्या काढतो. त्या माहितीला जोडून जवळच्या उपकेंद्रात एक टेबल, एक पडदा, एक प्रशिक्षित नर्स आणि ठरलेली तारीख नसेल, तर ती माहिती ऐकणाऱ्या बाईच्या मनात फक्त भीती होऊन बसते. भीतीचे काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. त्याकडे पुढे येऊच.

वीस वर्षे चालणारा आजार

गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. खेड्यात बायका त्याला पिशवीचे तोंड म्हणतात. इथल्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस असतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध उलगडला आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूचे शंभरहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत ठरतात.

हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो, आणि तो इतका सर्रास आढळतो की लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या बाबतीत मात्र तो मुक्काम ठोकतो. मग गर्भाशयमुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलाला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. तिथून खऱ्या कर्करोगापर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीची लागण असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. म्हणूनच एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी २५ व्या वर्षापासूनच तपासणी सुरू करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

इतकी मोठी मुदत देणारे कर्करोग फार नाहीत. लग्न विसाव्या वर्षी झाले असेल तर पस्तिशीत किंवा चाळिशीत केलेली एक तपासणी आजाराला वाटेतच अडवू शकते. तरीही २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. त्याचे मोठे कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सापडते. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही नाहीत.

मला काय झालंय?

आशाताई दारात येते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म तिला भरायचा असतो. मग जे बोलणे होते ते मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात थोड्याफार फरकाने सारखेच असते.

"मावशी, बुधवारी उपकेंद्रात पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. याल ना?"

"मला काय झालंय गं? ना दुखतंय, ना खुपतंय."

"दुखत नाही तोवरच यायचं असतं."

"आणि काही निघालं म्हणजे? आत्ता सोयाबीन काढायला आलंय. नको बाई, नंतर बघू."

या चार ओळींत सगळी अडचण आली. ग्रामीण बाई दवाखान्यात जाते ती अंगावर काढणे अशक्य झाल्यावर. दुखत नसताना दवाखान्यात जाणे हा तिच्या लेखी रोजगार बुडवण्याचा प्रकार. आणि या आजाराची गोम अशी की कर्करोगपूर्व अवस्थेत काही म्हणता काही जाणवत नाही. वेदना नाही, ताप नाही, पाळीत बदल नाही. त्रास व्हायला लागतो तोवर बहुतेक वेळा आजार बराच पुढे गेलेला असतो.

म्हणून सांगण्याची सुरुवात लक्षणांपासून करू नये. व्याख्यानात पहिल्यांदा लक्षणांची यादी वाचून दाखवली की ऐकणारी मनातल्या मनात ती यादी स्वतःशी ताडून पाहते, आपल्याला यातले काही नाही असे ठरवते आणि निर्धास्त घरी जाते. पहिले वाक्य असावे: 'ही तपासणी धडधाकट बाईसाठी आहे.' लक्षणे त्यानंतर सांगावीत, आणि तीही नेमकी. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर दिसणे, दुर्गंधी किंवा रक्तमिश्रित स्राव. यांतले काही असेल तर शिबिराची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पाळी जाऊन पाच-सात वर्षे झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसले की 'पाळी परत आली' म्हणून घरातल्या घरात समजूत घातली जाते. ती समजूत जिवावर बेतू शकते, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

त्याच दमात दुसरी बाजूही सांगायला हवी. अंगावरून पांढरे जाणे ही खेड्यातल्या बायकांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ते साध्या जंतुसंसर्गाने होते आणि गोळ्यांनी बरे होते. पांढरे जाते म्हणजे कर्करोग, असे समीकरण कुणी सांगत असेल तर त्यापासून सावध राहावे.

लाज हा दुसरा अडसर. कपडे काढून टेबलावर झोपायचे, तेही अनोळखी माणसापुढे, ही कल्पनाच नको वाटते. तपासणारी बाईच असेल, दाराला पडदा असेल, आत दुसरे कुणी येणार नाही, हे आधी सांगितले आणि तसेच घडले, तर ही अडचण निम्मी सुटते. तिसरा अडसर संशयाचा. हा विषाणू संबंधातून येतो म्हटल्यावर बाईच्या चारित्र्याकडे किंवा नवऱ्याच्या वागण्याकडे बोट जाते. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, एकाच जोडीदाराशी आयुष्यभर राहिलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, आणि चाचणीवरून कुणाच्याही वागण्याचा निवाडा करता येत नाही. हे सांगितल्याशिवाय 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' हा शब्द गावात नेऊच नये. घरात भांडण पेटले तर ती बाई पुढच्या उपचाराला येत नाही.

टेबलावर नेमके काय होते

देशभरात सरकारी आरोग्य व्यवस्थेत सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे व्हीआयए, ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी. बाईने लघवी करून यायचे. पाळीचे दिवस सोडून कुठलाही दिवस चालतो. ती उताणी झोपते, गुडघे दुमडते. नर्स बदकाच्या चोचीसारखे दिसणारे स्पेक्युलम हळूच आत सरकवून उघडते आणि बॅटरीच्या उजेडात गर्भाशयमुख पाहते. मग ५ टक्के तीव्रतेच्या ॲसिटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तिथे लावते. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. थोडेसे चुरचुरते, एवढेच. एक मिनिट थांबायचे.

त्या मिनिटभरात निरोगी भाग गुलाबीच राहतो. बदललेल्या पेशींमध्ये प्रथिने जास्त असतात. आम्लाने ती साकळतात आणि तेवढा भाग पांढराफटक, ठसठशीत कडांचा दिसू लागतो. असा डाग दिसला तर तपासणी पॉझिटिव्ह. पाच-दहा मिनिटांत सगळे आटोपते आणि निकाल तिथल्या तिथे मिळतो. प्रयोगशाळा नको, आठवडाभर वाट पाहायला नको. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यायची आहे. तिच्यासोबत तोंडाची आणि स्तनांचीही तपासणी होते. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत, त्यामुळे तोंडाची तपासणी टाळून चालणारच नाही.

व्हीआयएच्या मर्यादाही माहीत असाव्यात. ही डोळ्यांनी करायची तपासणी आहे. करणाऱ्याचा सराव कमी पडला तर निकाल चुकतो. पाळी गेल्यावर, साधारण पन्नाशीनंतर, पाहायचा भाग आतल्या बाजूला सरकतो आणि नीट दिसत नाही. उस्मानाबादच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र चित्र वेगळे दिसले. टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए करवून घेतली. तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणारीचे प्रशिक्षण पक्के हवे आणि तपासणी पुन्हा पुन्हा व्हायला हवी, हे या दोन अभ्यासांवरून दिसते. डॉक्टर नाही म्हणून तपासणी नाही, ही सबबही मुंबईच्या त्या दहावी शिकलेल्या बायकांनी मोडीत काढली.

एचपीव्ही चाचणी अधिक भरवशाची. उस्मानाबादमध्ये ती निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांना पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण बाकी दोन तपासण्या निगेटिव्ह आलेल्यांच्या पाव हिश्श्याइतकेच होते. शिवाय तिचा नमुना बाईला स्वतःही घेता येतो. बंद खोलीत मऊ ब्रश किंवा बोळा आत फिरवायचा, नळीत टाकायचा, आशाताईच्या हवाली करायचा. लाजेचा प्रश्न तिथेच मिटतो. खर्च आणि प्रयोगशाळेची सोय या दोन कारणांनी ती अजून खेड्यापाड्यांत सरसकट पोचलेली नाही. ज्या दिवशी ती पोचेल त्या दिवशी ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी अशा दोनच तपासण्यांवर बरेचसे काम भागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट तेच आहे: पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची या दोन वयांत खात्रीशीर चाचणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के जणींवर उपचार.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे

हे वाक्य तपासणीच्या आधी सांगायचे. नंतर सांगितले तर ते कानात शिरत नाही. उस्मानाबादच्या अभ्यासात व्हीआयए झालेल्या २६,७६५ स्त्रियांपैकी ३,७३३ जणी पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे शंभरात सुमारे चौदा. त्यांच्यापैकी उपचार करावेच लागतील अशी कर्करोगपूर्व अवस्था १९५ जणींत सापडली. बाकीच्यांना बहुतांशी सूज, संसर्ग किंवा आपोआप जाणारे किरकोळ बदल होते.

खरी कर्करोगपूर्व अवस्था असली तरी उपचार फार सोपे आहेत. क्रायोथेरपीत वायूच्या साहाय्याने तो भाग काही मिनिटे गोठवतात. थर्मल ॲब्लेशनमध्ये हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाने तो शंभर अंशांच्या आसपास तापवून नष्ट करतात. त्याला मिनिटभरही लागत नाही. भूल नको, टाके नकोत, भरती व्हायला नको. डाग मोठा असेल किंवा आत शिरलेला असेल तर तारेच्या कडीने तेवढा भाग काढतात. या उपचारांनंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर संबंध टाळावे लागतात. ही शेवटची सूचना नवऱ्यालाही समजावून सांगायला हवी, नाहीतर ती पाळली जात नाही.

अडचण येते ती दोन फेऱ्यांमध्ये. 'घरी विचारून येते' म्हणून गेलेली बाई परत येईलच असे नाही. तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत यायला माणूस, हे सगळे जमवावे लागते. म्हणून तपासणी आणि उपचार शक्यतो एकाच भेटीत व्हावेत, निदान पुढची तारीख त्याच दिवशी हातात पडावी आणि सोबत जाणारी आशाताई ठरलेली असावी. शिबिरात किती जणींची तपासणी झाली हा आकडा वर्तमानपत्रात येतो. पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले, हा आकडा गावाने मागून घ्यायला हवा. प्रत्यक्ष कर्करोग निघाला तरी पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बहुतेक जणी बऱ्या होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हे कुटुंबाला त्याच वेळी सांगावे. नाहीतर पहिला विचार शेत विकण्याचा येतो.

भीतीचा धंदा

आता बीडकडे. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची प्रकरणे गाजली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तिशीतल्या, काही तर त्याहूनही लहान.

यामागे कारणांची गुंतागुंत होती. कोयत्यावर नवरा-बायको जोडीने काम करतात. एक दिवस चुकला तर खाडा पडतो आणि उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, पैसे कापले जातात. पाळीत फडावर ना पाणी ना आडोसा. अशा बाईच्या पोटात दुखले, अंगावरून पांढरे गेले की ती खासगी दवाखान्यात जाई. तिथे अनेकींना एक वाक्य ऐकवले गेले: पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. कर्करोगाचे नाव तिला माहीत होते. तो मारतो हेही माहीत होते. मधली तपासणी मात्र तिला कुणी सांगितली नव्हती. त्या वाक्याला उलटा प्रश्न विचारण्याइतकी माहिती तिच्यापाशी नव्हती, आणि त्याच माहितीच्या अभावावर शस्त्रक्रियेचे बिल निघाले.

गावातल्या कार्यक्रमांत हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पांढरे जाणे, पाळी अनियमित असणे, सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसणे, ही कर्करोग टाळण्यासाठी गर्भाशय काढण्याची कारणे नाहीत. कुणी तसे म्हटले तर विचारावे: 'गर्भाशयमुखाची तपासणी केली का? तुकडा तपासायला पाठवला का? रिपोर्ट कुठे आहे?' आणि दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवावे. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा निघतात आणि कष्टाची कामे करणे अवघड होते. ज्या अंगमेहनतीवर घर चालते तीच हातची जाते.

लस: बार्शीचा आणखी एक धागा

एचपीव्हीवरची लस २००६ पासून जगात उपलब्ध आहे. भारतात तिची सुरुवात अडखळत झाली. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एक प्रायोगिक लसीकरण झाले. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर २०१० मध्ये ते थांबवले गेले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमतीच्या बाबतीत मात्र गंभीर त्रुटी निघाल्या. आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याची प्रकरणे होती. त्या हलगर्जीपणाने लसीवरचा विश्वास कित्येक वर्षे मागे नेला.

त्याच सुमारास देशात नऊ ठिकाणी आणखी एक अभ्यास चालू होता. बार्शी, पुणे आणि मुंबई ही त्यांतली तीन. लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे त्यात पाहायचे होते. २०१० च्या आदेशाने तेही लसीकरण मध्येच बंद पडले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक मात्राही ९५ टक्के प्रभावी ठरली होती, दोन आणि तीन मात्रांच्या तोडीस तोड. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. अपघाताने अर्धवट राहिलेल्या प्रयोगाने जगभरातल्या गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च कमी व्हायला हातभार लावला, आणि त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या मुलींचा वाटा आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्व्हावॅक या भारतीय लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मंजूर वेळापत्रकाप्रमाणे ९ ते १४ वयात दोन मात्रा, १५ ते २६ वयात तीन. सरकारी मोहिमेत वेळापत्रक वेगळे असू शकते, ते आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. लस विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तर सर्वांत उपयोगी, म्हणून ती शाळकरी वयात. ही साधी गोष्टही आईवडिलांना नीट सांगितली नाही तर 'एवढ्या लहान पोरीला कसली लस?' असा आक्षेप येतो. पुढे मूल होणार नाही अशी अफवाही हमखास उठते. त्या अफवेला कुठलाही आधार नाही. लसीत जिवंत विषाणू नसतो, आणि ती बीजकोशाला किंवा गर्भाशयाला धक्का लावत नाही. खम्ममचा धडा लक्षात ठेवून पालकसभा आधी घ्यावी, प्रश्नांना वेळ द्यावा, संमतीपत्र घरी वाचायला पाठवावे. आणि एक गोष्ट विसरू नये: लस सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीत तपासणी करायचीच आहे.

सांगणारी कोण, आणि कुठे

बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते. भारतातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. खेडोपाडी रुग्ण शोधत फिरणारे तिचे कर्मचारी नुसते आकडे गोळा करून थांबले नाहीत. गावकऱ्यांशी बोलत, लक्षणे समजावत, शंका असलेल्या बायकांना दवाखान्यात घेऊन येत. पुढच्या काही वर्षांत लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. त्यांच्यापाशी ना मोठी यंत्रे होती, ना जाहिराती. तेच ते ओळखीचे माणूस पुन्हा पुन्हा दारात येत होते आणि त्याच्यामागे उपचार करणारे रुग्णालय उभे होते.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी ही जोडी पक्की करावी. उपकेंद्रातल्या तपासणीची तारीख ठरल्याशिवाय माहितीचा कार्यक्रम घेऊ नये. बचत गटाची मासिक बैठक ही सांगायला सर्वांत चांगली जागा. बायका आधीच जमलेल्या असतात, एकमेकींना ओळखतात आणि दुपारची वेळ त्यांनीच सोयीने ठरवलेली असते. स्पेक्युलम हातात देऊन पाहू द्यावे. वस्तू पाहिली, हाताळली की भीती बरीच ओसरते. ज्या बाईने गेल्या खेपेला तपासणी करून घेतली तिला दोन शब्द बोलायला सांगावे. 'काही नाही गं, पाच मिनिटांत झालं' हे तिचे वाक्य डॉक्टरांच्या तासाभराच्या भाषणाला भारी पडते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाचाही आरोग्यशिक्षणासाठी उपयोग केला जातो. करावाच. पण तिथे विधवांना बोलावले जात नसेल तर कार्यक्रम तेवढ्यावर सोडू नये. नवरा गेल्यावर या आजाराचा धोका संपत नाही. उलट विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बायका तपासणीतून सर्वांत आधी सुटतात, कारण त्यांना कुणी सोबत नेणारे नसते. आशाताईच्या यादीत त्यांची नावे वर हवीत. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत तपासणी दसऱ्याच्या आधी उरकावी, कारण दिवाळीनंतर गावात फक्त म्हातारी माणसे आणि मुले उरतात. सासूला आणि सुनेला एकत्र बोलावावे. सासूने आधी तपासून घेतले की सुनेला वेगळी परवानगी लागत नाही. पुरुषांची एक बैठक वेगळी घ्यावी. दवाखान्याचे भाडे, एक दिवसाचा रोजगार आणि उपचारानंतरचा महिना हे तीन निर्णय त्यांच्याही हातात असतात.

सांगायचे ते थोडके असावे. तीस वर्षे झाली की तपासणी, दुखत नसले तरी. पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असे नाही, पण पुढचा उपचार चुकवायचा नाही. रिपोर्टशिवाय पिशवी काढू द्यायची नाही. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला लस. या चार गोष्टी पाठ झालेली एक बाई आपल्या वाडीतल्या दहा जणींना उपकेंद्रापर्यंत आणते. त्या पोचतील तेव्हा तिथला दिवा चालू आहे, पडदा लावलेला आहे आणि नर्स हजर आहे, हे पाहण्याची जबाबदारी मात्र त्या बाईची नाही. ती ग्रामपंचायतीची, प्राथमिक आरोग्य केंद्राची आणि जिल्हा परिषदेची आहे. ग्रामसभेत हा विषय काढायला गावातल्या कुणालाही कुणाची परवानगी लागत नाही.